सुरतेचे रूपांतर : एका शहराची जमा आणि नावे

व्यापाऱ्याच्या घरी वाढणाऱ्या मुलास अक्षरओळखीच्या पाठोपाठ जी पहिली गोष्ट शिकविली जाते ती ही की, वहीला दोन बाजू असतात. जमेकडे जे दिसते त्याने हुरळून जाऊ नये आणि नावे पडलेली रक्कम पान उलटून विसरू नये. संध्याकाळी रोजमेळ जुळल्याखेरीज गादीवरून उठावयाचे नाही, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा दंडक होता. ज्या शहरात आपण पेढ्या मांडल्या त्या शहराच्या बाबतीत हा दंडक आपण पाळतो काय, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने व्यापारी बंधूंपुढे ठेवावा, असा प्रस्तुत लेखकाचा हेतू आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण अलीकडे कापडाच्या अथवा हिऱ्यांच्या व्यवहारासाठी लंडन, अँटवर्प अशा दूरच्या शहरी जाऊन येतात. परतल्यावर तेथील रस्त्यांचे, नदीकाठांचे आणि शिस्तीचे वर्णन मोठ्या रसाने करतात व शेवटी एक सुस्कारा टाकतात, 'आपल्याकडे असे कधी होणार?' या सुस्काऱ्यामागे थोडे अज्ञान आहे. लंडन काही प्रथमपासून स्वच्छ नव्हते. आणि सुरत आज जशी दिसते तशी आपल्या तरुणपणी मुळीच नव्हती. १९६१ साली सुरतेची वस्ती दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होती. २०११ च्या खानेसुमारीत ती चव्वेचाळीस लाखांच्या पुढे गेली. शहराची हद्द १९६१ मध्ये जेमतेम आठ चौरस किलोमीटर होती. २००६ मध्ये ती ३२६ आणि २०२० मध्ये ४६१ चौरस किलोमीटरवर पोहोचली. पन्नास वर्षांत वस्ती पंधरा पटींहून अधिक वाढलेले हे शहर कसे तगले, कोठे कोसळले आणि कोणाच्या खांद्यावर उभे राहिले, हे जाणून घेणे म्हणजे आपल्याच पेढीची जुनी वही उघडणे होय.

बंदराची सुरत

१६०८ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांचे पहिले जहाज तापीच्या मुखाशी आले, तेव्हा लंडन हे व्यापाराच्या जगात धडपडणारे शहर होते आणि सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. याच सुरतेत जैन श्रेष्ठी वीरजी वोरा यांची पेढी होती. मिरी, पोवळे अशा जिनसांचे मोठमोठे सौदे त्यांच्या हाती असत आणि खुद्द इंग्रज कंपनीस त्यांच्याकडून कर्ज काढावे लागे. १६६४ च्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगल सत्तेच्या या कोशागारावर स्वारी केली, तेव्हा वीरजींच्या वखारीसही तिची झळ लागली. १६७० मध्ये दुसरी स्वारी झाली. तरीही या दोन स्वाऱ्यांनी सुरत संपली नाही. तिचा व्यापार त्यानंतरही दीर्घकाळ चालला.

सुरत खालावली ती हळूहळू. तापीचे मुख गाळाने भरत गेले. मोगल सत्ता ढासळली. १६८७ मध्ये इंग्रज कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले आणि जहाजांमागोमाग भांडवल गेले. १८३७ च्या एप्रिलातील आगीत नऊ हजारांवर घरे जळाली, त्याच वर्षी तापीचा पूरही आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या एकेकाळच्या महाबंदराची वस्ती लाखाच्या आत आली होती. एका दिवसाच्या संकटातून व्यापारी उठतो. परंतु रोज थोडा थोडा साचणारा गाळ ज्याच्या नजरेस येत नाही, त्याचे बंदर बुजते. सुरतेच्या पहिल्या वहीतील हा धडा पुढेही उपयोगी पडणार आहे.

मागाची सुरत

बंदर गेले तरी बोटांतील कसब राहिले. जरी, किनखाब आणि रेशीम विणणाऱ्या कारागिरांनी गरीब झालेल्या सुरतेस जगविले. पुढे कृत्रिम रेशीम आले, मग नायलॉन आणि पॉलिएस्टर आले. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. साठीच्या दशकापासून हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा फोफावला. १९८२ मध्ये मुंबईतील कापड गिरण्यांचा प्रदीर्घ संप सुरू झाला आणि गिरण्यांचे काम यंत्रमागांच्या गावांकडे वळण्यास आणखी वेग आला. त्यात सुरतेचा वाटा मोठा होता. रिंगरोडवर एकापाठोपाठ एक बहुमजली कापडबाजार उभे राहिले. राजस्थान, सौराष्ट्र आणि खानदेश येथून आलेल्या आपल्या समाजबांधवांनी त्यांत गाळे घेतले. मारवाडी, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांत एकाच ओट्यावर सौदा होऊ लागला.

परंतु ताका विणणारा हात कोठून आला? तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने सुरत थेट नंदुरबार, अमळनेर, जळगावशी जोडली गेली होती. १९७२ च्या दुष्काळात खानदेशातील शेतकरी आणि शेतमजूर याच मार्गाने आले. प्रथम कर्ता पुरुष येई, मागाच्या कारखान्यातच बाजूला पथारी टाकी. वर्ष-दोन वर्षांनी बायको-मुले येत. प्रस्तुत लेखकाचे वडीलही याच गाडीने, याच भागातून आले. फरक इतकाच की त्यांच्या गाठीशी थोडे भांडवल होते आणि मागावर बसणाऱ्याच्या गाठीशी केवळ भाकरीचे फडके होते.

लिंबायत

हे जे आले ते राहिले कोठे? पुष्कळसे लिंबायतेस. लोहमार्गाच्या पूर्वेस असलेले हे जुन्या चौऱ्याशी तालुक्यातील एक खेडे. शेते बिनशेती झाली, अरुंद प्लॉट पडले, एका खोलीवर दुसरी आणि दुसरीवर तिसरी खोली चढली. उधना, डिंडोली, नवागाम, गोडादरा हा पट्टा पाहता पाहता भरून गेला. येथील गल्लीत उभे राहिले असता अहिराणी इतकी ऐकू येते की आपण धुळ्यास आहोत की सुरतेस, असा भ्रम व्हावा. श्रावणात कानबाईची मिरवणूक निघते, तेव्हा सारा खानदेश येथे अवतरतो. महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. या एका गोष्टीवरून हे शहर कोणाकोणाच्या घामाने उभे राहिले, हे ध्यानी यावे.

कापडबाजाराच्या वैभवाचे आणि या वस्तीचे नाते ताणा-बाण्याचे आहे. एक धागा काढला तर दुसऱ्याचे कापड होत नाही. तथापि १९७१ ते १९९१ या वीस वर्षांत शहराची वस्ती पावणेपाच लाखांवरून पंधरा लाखांवर गेली, तेव्हा नळ, गटार आणि झाडलोट त्या मानाने वाढली नाही. मागांची संख्या आम्ही रोज मोजीत होतो. संडासांची संख्या कोणी मोजली नाही. बंदराच्या मुखाशी साचला होता तसाच गाळ पुन्हा साचत होता. तो यावेळी गल्लीगल्लीत होता, एवढेच.

१९९४ चा सप्टेंबर

त्या वर्षी पाऊस उदंड झाला. तापीचे पाणी सखल भागांत शिरले. ओसरताना मेलेली जनावरे आणि चिखल मागे ठेवून गेले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. पन्नासच्या वर माणसे दगावली. हा प्लेगच होता काय, यावर पुढे तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला. परंतु भीतीला तज्ज्ञांचा निर्णय लागत नाही. चार-पाच दिवसांत काही लाख माणसांनी शहर सोडले. बाजार बंद पडले, परदेशांनी विमाने थांबविली, हिंदुस्थानचा माल घेण्यास व्यापारी कचरू लागले. ज्या शहराचे नाव पूर्वी श्रीमंतीसाठी जगभर घेतले जाई, ते आता नाकाला रुमाल लावून घेतले जाऊ लागले.

येथे एक गोष्ट स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. २३ सप्टेंबर, शुक्रवारी सकाळी आमच्या घरच्यांनी गावी जाण्याचे ठरविले. कारखान्यात तेव्हा चोवीस माग होते आणि महिन्याचा हिशेब व्हावयास आठ दिवस होते. आम्ही कुलूप लावले, मोटार भाड्याने केली आणि निघालो. कारागिरांस 'तुम्हीही निघा' एवढेच सांगितले. त्यांच्यापाशी गाडीभाडे आहे काय, हे विचारले नाही. संवत्सरीच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागून तेव्हा पंधरवडाच लोटला होता.

तीन आठवड्यांनी परतलो तो कारखान्याच्या ओट्यावर धरणगावकडचा आमचा एक कारागीर बसलेला. तो गेलाच नव्हता. स्टेशनवर दोन दिवस थांबला, गर्दीत मुलाला घेऊन चढता येईना, म्हणून लिंबायतेस खोलीवर परत आला. रोज सकाळी येऊन कुलूप पाहून जात असे. त्याने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाला, "शेठ, माग गंजले नाहीत, पण पाणी दोनदा आत आले होते. मी खिडकीतून पाहत होतो." महिन्याचा पगार त्या दिवशी दिला, वर काही अधिकही दिले. परंतु त्या आठ दिवसांची जी रक्कम खऱ्या अर्थाने आमच्या नावे पडली, ती कोणत्या खात्यावर फिरवावी हे आजतागायत उमगलेले नाही.

झाडू आणि रोजमेळ

१९९५ च्या मे महिन्यात श्री. एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. पुढील दोन वर्षांत जे घडले त्याची कथा देशात अनेकदा सांगितली गेली आहे. मात्र तिचे मर्म व्यापाऱ्यास जितके कळावे तितके इतरांस कळणार नाही. त्यांनी कोणतेही जादूचे यंत्र आणले नाही. शहराचे सहा विभाग केले आणि मुख्य कचेरीत एका मेजावर अडणारे पुष्कळ अधिकार, खर्चाच्या मंजुरीसकट, विभागांच्या प्रमुखांस दिले. अधिकाऱ्याने सकाळी थंडगार खोलीत न बसता आपल्या भागात फिरावे आणि दुपारी सर्वांनी एकत्र बसून त्या दिवसाच्या कामाचा हिशेब द्यावा, असा शिरस्ता घातला. मुख्य रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. हॉटेले आणि मिठाईची दुकाने यांच्या अस्वच्छतेस दंड बसू लागला. बेकायदा बांधकामे पाडताना धनिकाचे आणि गरिबाचे असा भेद केला नाही. किंबहुना वजनदारांची आधी पाडली, म्हणून सामान्यांनी कुरकुर केली नाही. दवाखान्यांतून तापाच्या रुग्णांची माहिती दररोज गोळा होऊ लागली.

याला आपल्या भाषेत काय म्हणावयाचे? रोजमेळ! दिवसाचा हिशेब त्याच दिवशी जुळविणे, मुनिमास अधिकार देणे आणि चूक दिसली की ती कोणाच्या खात्यावर आहे हे नक्की करणे. शहाजहानच्या काळातील मुघलीसराईच्या इमारतीत बसणाऱ्या महापालिकेने आपल्या आजोबांची जुनी शिस्त अंगीकारली आणि १९९६ मध्ये एका देशव्यापी पाहणीत चंदीगडच्या खालोखाल सुरत स्वच्छ ठरली. ज्या शहरातून दोन वर्षांपूर्वी माणसे पळाली होती, ते हे शहर!

ही शिस्त आयुक्तांच्या बदलीबरोबर मोडली नाही, हे सुरतेचे खरे यश. २०१४ पासून बमरोली येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून दररोज सुमारे चार कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांस विकले जाऊ लागले. जे पूर्वी रोगाचे मूळ होते ते आता महापालिकेच्या जमेस आले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने सुरतेस पहिला क्रमांक मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात हिरेबाजाराच्या प्रचंड वास्तूचे उद्घाटन झाले. मेट्रोची पायाभरणी २०२१ मध्येच झाली होती. जमेची बाजू भरगच्च आहे, यात शंका नाही.

लंडनने काय केले

आता ज्या लंडनचे आपण कौतुक करतो तेथे डोकावू. १६६५ च्या प्लेगात तेथे नोंदलेले मृत्यूच अडुसष्ट हजारांवर होते. त्यानंतर दोनशे वर्षे उलटली तरी शहराची घाण टेम्स नदीतच जात होती. १८५३-५४ च्या पटकीत दहा हजारांवर माणसे मेली, तरी कोणी फारसे हलले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात मात्र नदीच्या दुर्गंधीने काठावरील पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवून लावावे लागले. मग काही आठवड्यांत कायदा झाला आणि जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याच्या देखरेखीखाली सव्वाशे किलोमीटरहून अधिक लांबीची विटांची मुख्य गटारे बांधण्यास आरंभ झाला. दुर्गंध श्रीमंतांच्या नाकापर्यंत पोहोचला, तेव्हा काम निघाले!

पण या कथेचा शेवट पुष्कळांस ठाऊक नसतो. १८६६ मध्ये लंडनमध्ये पटकी पुन्हा आली आणि साडेपाच हजारांच्या आसपास माणसे गेली. ती आली कोठे? शहराच्या पूर्वेस, जेथे गोदीत राबणाऱ्या कामकऱ्यांची दाट वस्ती होती आणि जेथे नव्या गटारांचे काम पूर्ण व्हावयाचे राहिले होते, तेथे. बाकीचे शहर वाचले. काम जेथे शेवटी ठेविले, मृत्यू तेथे आधी पोहोचला. आणि एवढे करूनही लंडनचे काम संपले नाही. टेम्सखालून जाणारा पंचवीस किलोमीटरचा नवा सांडपाणी बोगदा २०२५ च्या फेब्रुवारीत पूर्णपणे जोडला गेला. शहराची वही कधी बंद होत नाही, ती फक्त पुढच्या पानावर ओढली जाते.

राहिलेली बाकी

लंडनच्या पूर्व भागाची ही हकीकत वाचताना आपल्या पूर्वेकडील लिंबायत डोळ्यांपुढे उभी राहिल्याखेरीज राहत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकईच्या धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले आणि बहुतेक सारी सुरत बुडाली. त्या पुराचे स्मरण सर्वांस आहे, कारण तो सर्वांच्या घरात आला होता. परंतु खाडीचा पूर निराळा. मिठी खाडी आणि तिच्या बहिणी भरल्या की पाणी लिंबायत, पर्वत पाटिया या बाजूस शिरते. २०२४ च्या जुलैत शिरले, २०२५ च्या जूनमध्ये शिरले. रिंगरोडवर सूर्य पडलेला असतो, गाळ्यांत सौदे चाललेले असतात आणि थोड्याच अंतरावर आपला कारागीर गुडघाभर पाण्यात, पोराला खांद्यावर आणि पिठाचा डबा डोक्यावर घेऊन उभा असतो. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही तर आपण खाडा मांडतो.

खाडी रुंद करणे, तिच्या काठावरील अडथळे दूर करणे, पाणी उपसण्याची व्यवस्था वाढविणे ही कामे महापालिकेची व सरकारची आहेत, आणि त्यांचा पाठपुरावा आपल्या संघटनेने अवश्य करावा. तथापि काही कामे निव्वळ आपली आहेत. बाजारातील पार्सलांचे प्लॅस्टिक आणि कापडाच्या चिंध्या खाडीच्या वाटेस लागणार नाहीत, हे प्रत्येक बाजाराच्या व्यवस्थापनाने पाहावे. आपल्याकडे काम करणारे मुनीम, हमाल आणि कारागीर कोणत्या गल्लीत राहतात, तेथे पाणी येते काय, याची एक वही प्रत्येक पेढीवर असावी. खाडीच्या पुराचे दिवस खाड्यात धरू नयेत. आणि संकटाच्या काळात प्रथम पगार, मग कुलूप, हा नियम असावा. यांपैकी एकाही गोष्टीस मोठे भांडवल लागत नाही. या साऱ्यास रोजमेळाची सवय तेवढी लागते.

वीरजी वोरांच्या वखारीचा आज मागमूस नाही. त्यांच्या काळी सुरतेचे बंदर कधी बुजेल, असे कोणासही वाटले नसावे. आपल्या काळातील बहुमजली बाजारांविषयीही आपणांस तसे वाटत नाही. परंतु गाळ आवाज न करता साचतो. तो दिसण्यासाठी पेढीवरून उठून, गरनाळ्याखालून पलीकडे जाऊन, एकदा लिंबायतेची गल्ली पावसात पाहावी लागते.

ओट्यावर बसून राहिलेला तो कारागीर आता थकला आहे. त्याचा मुलगा, ज्याला घेऊन त्यास गाडीत चढता आले नव्हते, तो आज याच बाजारात स्वतःच्या लहानशा गाळ्यावर साड्या विकतो. गेल्या दिवाळीस वहीपूजनाला त्याने आम्हांस बोलाविले होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने शुभ-लाभ लिहिले आणि पाटावरून उठण्याआधी दोन्ही बाजू कोऱ्या आहेत ना, हे पान उलटून पाहिले. तेव्हा मनात आले, आमची मात्र कोरी नाही. ती चुकती करण्याचे दिवस अजून हाती आहेत, एवढेच समाधान.